गिटारच्या थरांचा कव्हर व्हिडिओ घरी रेकॉर्ड करताना: नवोदित ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) किंवा माइक नेलेले अनेक नवोदित वादक काही दिवसांनी एकच तक्रार घेऊन येतात. पहिला ट्रॅक छान येतो, दुसराही बरा वाटतो, पण त्यांवर स्वतःच्याच वादनाचा तिसरा किंवा चौथा थर चढवला की सगळे विस्कटते आणि व्हिडिओत बोटे एकीकडे तर आवाज दुसरीकडे, असे दिसू लागते. उपकरण तपासले तर ते बहुतेक वेळा ठणठणीत असते. चूक वेळेच्या हिशेबात असते, आणि तो हिशेब आधीच नीट लावला तर अगदी साध्या साहित्यावरही सुरेख काम होते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. म्हणूनच हे पत्रक.

स्वतःच्याच वादनावर पुन्हा वाजवण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेसाठी गिटारचे आठ भाग एकट्याने वाजवले होते, तेही तबकड्यांवर: एक तबकडी ऐकत तिच्या जोडीला वाजवायचे आणि दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचे. मधल्या एखाद्या थरात चूक झाली तर ती वेगळी काढून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. आज प्रत्येक थर स्वतंत्र राहतो आणि हवा तेव्हा बदलता येतो, तरीही पहिल्या थराची लय पुढच्या सगळ्या थरांना वाहावी लागते, ही गोष्ट तेव्हाइतकीच खरी आहे.

पहिल्या थरासाठी आपल्याला सर्वांत आवडणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) किंवा सोलो निवडू नये. गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारे साधे स्ट्रमिंग निवडावे आणि ते मेट्रोनोमच्या (ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या साधनाच्या) ठेक्यावर, दोन आवर्तनांची मोजणी आधी देऊन वाजवावे. मूळ गाणे मेट्रोनोमशिवाय रेकॉर्ड झालेले असेल तर त्याची लय जागोजागी किंचित पुढेमागे होते. अशा गाण्यावर थेट वाजवण्यापेक्षा त्याच्या जवळची एक लय ठरवून ती कायम ठेवणे नवोदितांना सोपे जाते. स्वराचेही तसेच आहे. ट्यूनर साधारणपणे ४४० हर्ट्झच्या ‘ए’ स्वराला धरून चालतो, पण काही जुनी गाणी त्यापेक्षा किंचित चढी किंवा उतरी असतात, त्यामुळे मूळ गाण्याशी पडताळून पाहिल्यावरच पट्टी पक्की करावी. एकदा पट्टी ठरली की प्रत्येक थरापूर्वी गिटार नव्याने सुरात लावावी. नव्या तारा ताणत जातात, आणि पहिल्या थरात सुरेल असलेली गिटार तासाभराने चौथ्या थरात उतरलेली असते. एकटी वाजताना ती चूक कानाला कळत नाही. चार थर एकत्र वाजले की लगेच खुपते.

आवाज संगणकात घेताना इलेक्ट्रिक गिटारची केबल इंटरफेसच्या ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेल्या इनपुटमध्ये लावावी, किंवा त्या नावाचे बटण दाबावे. नाहीतर आवाज मंद आणि निस्तेज येतो. अकूस्टिक गिटारसाठी माइक साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर, बाराव्या फ्रेटच्या समोर ठेवावा. तो थेट गिटारच्या मधल्या छिद्रावर रोखला तर आवाज घुमतो. कंडेन्सर माइक असल्यास ४८ व्होल्टचे बटण चालू करावे लागते. सर्वांत जोरात वाजवलेल्या कॉर्डलाही मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच गेन (आत येणारा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना हळू आवाजाची भीती बाळगण्याचे कारण नाही, मात्र एकदा फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे असावेत. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोहोचायला शंभर मिलिसेकंदांहून अधिक उशीर सहज होतो, आणि वादक त्या उशिरा आलेल्या ठेक्यावर प्रामाणिकपणे अचूक वाजवत राहतो. आमच्याकडे ‘इंटरफेस बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे हे कारण इतक्या वेळा निघाले आहे की, आता आम्ही पहिला प्रश्न हेडफोनचाच विचारतो.

संगणकालाही आवाज आत घेऊन बाहेर द्यायला थोडा वेळ लागतो. तो आवाजाचे बारीक नमुने, म्हणजे सॅम्पल, गटागटाने हाताळतो आणि त्या गटाला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे ४८,००० हर्ट्झवर, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि ५१२ चा म्हणजे सुमारे १०.७. रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवावा आणि मिक्सिंग करताना मोठा करावा. विंडोज वापरत असाल तर उपकरण बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा जोड-प्रोग्राम) टाकावा. उशिराची भरपाई, म्हणजे नवा ट्रॅक तेवढा मागे सरकवून जागेवर बसवणे, रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर एरवी स्वतः करते, परंतु ती बरोबर होते का, हे पाच मिनिटांत तपासता येते. इंटरफेसच्या आउटपुटपासून त्याच्याच इनपुटमध्ये एक केबल लावून मेट्रोनोमचा आवाज नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावा. स्पीकर आणि इनपुटचे थेट मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच बाहेर ऐकवण्याची सोय) तेवढ्यापुरते बंद ठेवावे, म्हणजे आवाज फिरत राहून शिटी वाजणार नाही. मग दोन्ही ट्रॅक भरपूर मोठे करून पाहावेत. मूळ ठोक्याचा उंच काटा आणि रेकॉर्ड झालेला काटा एकाखाली एक आले तर भरपाई ठीक आहे. दुसरा काटा ४८० सॅम्पल उजवीकडे सरकलेला दिसला, तर तुमचा प्रत्येक नवा थर १० मिलिसेकंद उशिरा बसतो आहे, आणि तो आकडा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भरावा लागेल.

दुसऱ्या थराबाबत एक आग्रहाची सूचना आहे. गिटार भारदस्त वाटावी म्हणून अनेक जण पहिल्याच ट्रॅकची प्रत काढून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवतात. तसे केल्याने आवाज फक्त वाढतो, रुंद होत नाही, कारण दोन्ही कानांना तंतोतंत तेच ऐकू येते. तोच भाग खरोखर पुन्हा वाजवावा. दोन वेळच्या वादनातले बारीक फरकच तो आवाज रुंद करतात. शक्य असल्यास दुसऱ्या वेळी कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावून त्याच कॉर्ड वेगळ्या आकारात वाजवाव्यात, म्हणजे दोन गिटार एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. जाड ‘ई’ तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, त्याखालचा भाग बहुतेक खोलीची घरघर आणि पायांची धडधड असतो. तो हाय-पास फिल्टरने प्रत्येक थरातून काढला की चार थरांची गर्दी पुष्कळ निवळते.

व्हिडिओसाठी फोन पुरेसा आहे. प्रत्येक थर वाजवतानाच चित्रीकरण करावे. नंतर नुसता अभिनय केला तर गिटार वाजवणाऱ्या प्रेक्षकाला तो ताबडतोब कळतो. फोनचा आवाज शेवटी वापरायचा नसला तरी तो बंद करू नये, कारण जुळवणी त्याच्याच आधारे होते. कॅमेरा आणि संगणक दोन्ही चालू झाल्यावर, मोजणी सुरू होण्याआधी, कॅमेऱ्याला आणि माइकला दोघांनाही मिळेल अशी एक स्पष्ट टाळी वाजवावी. गिटार थेट केबलने जोडलेली असेल तर टाळी संगणकात पोहोचणार नाही, तेव्हा दाबून धरलेल्या तारांवर पिकचा एक खणखणीत फटका द्यावा. संपादन करताना फोनच्या आवाजातला तो काटा आणि संगणकातला काटा जुळवून मगच फोनचा आवाज बंद करावा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची असते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी फ्रेम पाहून केलेली जुळवणी ढोबळच राहते.

आरंभी जुळलेला व्हिडिओ शेवटाकडे घसरत असेल, तर फोन बदलत्या फ्रेमरेटने चित्रीकरण करत असण्याची शक्यता मोठी असते. अशी क्लिप संपादनापूर्वी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावी. ऑडिओचा प्रोजेक्टही पहिल्यापासून ४८,००० हर्ट्झवर ठेवावा, कारण व्हिडिओत तोच दर रूढ आहे. ४४,१०० ची फाइल न बदलता ४८,००० च्या दराने वाजली तर ती जवळपास नऊ टक्के जास्त वेगाने धावते आणि स्वर दीड अर्धस्वराने चढतो. सेल्फी कॅमेऱ्याचे ‘मिरर’ बंद आहे ना, तेही पाहावे, नाहीतर उजव्या हाताचा वादक डावखुरा दिसतो.

प्रसिद्ध करण्यापूर्वी हक्कांचा विचार करावा. गाण्याच्या रचनेचा हक्क आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळे असतात. सगळे थर स्वतः वाजवले तर मूळ ध्वनिमुद्रण वापरल्याचा प्रश्न येत नाही, रचनेचा मात्र उरतो. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा असे व्हिडिओ ओळखू शकते, आणि त्यावरील जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाऊ शकते.

इतके करूनही थर जुळत नसतील तर जरूर आमच्याकडे यावे. येताना तयार व्हिडिओऐवजी मूळ प्रोजेक्टचा संपूर्ण फोल्डर, फोनमधल्या न कापलेल्या क्लिप आणि वर सांगितलेल्या केबलच्या चाचणीची फाइल आणावी. तयार व्हिडिओत सगळे आवाज एकत्र मिसळलेले असतात, आणि नेमका कोणता थर कुठे सरकला, हे त्यातून शोधता येत नाही.