'बंबई रोग' आणि सीमेपलीकडची गोळी

नेपाळच्या सुदूर पश्चिमेला अछाम नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथे एचआयव्हीला लोक कित्येक वर्षं 'बंबई रोग' म्हणत आले. मुंबईकराला हे ऐकून वाईट वाटेल, पण नाव उगाच पडलेलं नाही. अछाम, डोटी, बाजुरा इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे कामाला येतात. सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणारा, ज्याला आपण सरसकट 'गुरखा' म्हणून मोकळे होतो, तो पुष्कळदा तिकडचाच असतो. भारत-नेपाळ सीमा खुली आहे, व्हिसा लागत नाही.

हे नातं विषाणूतही दिसतं. एचआयव्ही स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो आणि त्या चुका पुढच्या प्रतींत उतरतात. म्हणून वेगवेगळ्या रुग्णांच्या रक्तातले विषाणू ताडून पाहिले की त्यांचा कुलवृत्तान्त मांडता येतो. नेपाळमधले बहुतेक विषाणू भारतात आढळणाऱ्या 'सी' उपप्रकाराचेच, त्याच्याशी जवळचं नातं सांगणारे निघाले. मात्र हा कुलवृत्तान्त नातं सांगतो, दोष कुणाचा ते नाही. गाव कधीही न सोडलेल्या अछामच्या बायकांनाही हा संसर्ग झाला, हे विसरून चालणार नाही.

दोन देशांनी मिळून काम केलं नाही तर काय होतं, ते १९९६ साली मुंबईने पाहिलं. फेब्रुवारीत वेश्यावस्तीवर छापे पडले, शेकडो मुलींची सुटका झाली. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. नागरिकत्वाचे कागद नाहीत ही एक सबब आणि एड्सची धास्ती ही दुसरी. मुली महिनोन्‌महिने इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी १२८ जणींना मायदेशी नेलं. त्यांतल्याच काहींनी पुढे 'शक्ती समूह' ही संघटना उभी केली. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना दारात घ्यायला सरकार कचरत होतं, त्या या मुली.

आज औषध आहे. भारतात २००४ पासून सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रावर, ते मोफत मिळतं. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत, रोज एक. ती नेमाने घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्गही होत नाही.

खरी ग्यानबाची मेख 'नेमाने' या शब्दात आहे. विषाणू आपली जनुकं काही पेशींत लपवून ठेवतो आणि तिथे निपचित पडलेल्या विषाणूवर गोळीचा परिणाम होत नाही. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत तो पुन्हा वाढू लागतो. पूर्वीच्या गोळ्यांत आणखी एक धोका होता. तिन्ही औषधं शरीरातून एकदम बाहेर पडत नसत. त्यांतलं नेव्हिरॅपिन किंवा एफाव्हिरेन्झ हे औषध मागे रेंगाळे आणि एकट्या औषधाला चकवणं विषाणूला सोपं जाई. डोल्युटेग्राव्हिरला चकवणं त्याला तितकं सोपं जात नाही, हे औषध त्या मानाने भक्कम आहे. पण खंड पडला की विषाणू परततो, ते काही टळत नाही.

आता दसैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याला, गावी निघालेला वॉचमन डोळ्यांसमोर आणा. बॅगेत तीस गोळ्यांची एक बाटली. रेल्वे, मग बस, सीमेवरचा बनबसाचा पूल, पुन्हा बस, शेवटी पायवाट. आठवड्यासाठी गेलेला माणूस आई आजारी म्हणून दोन महिने राहतो आणि बाटली संपते.

हे ओळखून 'केअर' संस्थेने २००९ ते २०१४ या काळात भारत, नेपाळ आणि बांगलादेशात 'एम्फसिस' हा प्रकल्प राबवला. गाव, वाटेतलं सीमेवरचं ठाणं आणि कामाचं शहर अशा तिन्ही जागी त्याच माणसाला गाठायचं, ही त्यामागची कल्पना. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिने रुग्णाला देशाच्या नव्हे, त्याच्या प्रवासाच्या हिशेबाने पाहिलं.

साताऱ्याचा रुग्ण सुरतला कामाला गेला तर त्याचं नाव एका एआरटी सेंटरवरून दुसऱ्या सेंटरवर बदलून घेता येतं. अछामच्या माणसासाठीही ते इतकंच सोपं असायला हवं. मुंबईत लिहिलेलं त्याचं ग्रीन बुक, म्हणजे उपचारांच्या नोंदींची वही, नेपाळमधल्या धनगढीच्या डॉक्टरने उघडावं, पुढची तारीख घालावी आणि बाटली हातात द्यावी. आणि दसैंला निघताना मुंबईच्या सेंटरने त्याला विचारावं, "परत कधी येणार?" आणि एकाऐवजी तीन बाटल्या बांधून द्याव्यात.