फाइल डिलीट होत नाही म्हणजे व्हायरसच?

"फाइल डिलीट होत नसेल तर व्हायरस आहे, लगेच फॉरमॅट मारा" हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर कायम फिरत असतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं: दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली असते. चादरीच्या डिझाइनची फाइल एखाद्या प्रोग्राममध्ये उघडी असेल, तर विंडोज ती बऱ्याचदा पुसू देत नाही. चालू काम बिघडू नये म्हणून.

खात्री करायचीय? स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा. सीपीयू टॅबमधल्या 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत फाइलचं नाव टाका. धरून बसलेला प्रोग्राम तिथे सहसा दिसतो. काम सेव्ह करून तो बंद करा, मग डिलीट करा. काहीच सापडलं नाही, तर रीस्टार्ट. परवानगी नाही असा संदेश आला, तर अ‍ॅडमिन खात्यातून बघा. शंका उरलीच तर व्हायरस स्कॅन आहेच की. फॉरमॅटमध्ये हिशेबाच्या फायलीही जातात.