कर्तन द्रव आणि धातुकर्तनातील घर्षण

धातू कापताना हत्यार, जॉब (कापायचा तुकडा) आणि निघणारी चिप (धातूची साल) यांच्यातले घर्षण व उष्णता कमी करण्यासाठी कापाच्या जागी जो द्रव सोडतात, तो कर्तन द्रव. तो निव्वळ तेल असतो, तेल आणि पाण्याचे दुधाळ मिश्रण असतो किंवा तेलाचा अंशही नसलेले रासायनिक द्रावण असतो. छत्रपती संभाजीनगरलगतच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या शॉपमध्ये सीएनसी लेथच्या (संगणकावर चालणाऱ्या कातयंत्राच्या) टाकीतून जे पांढरे पाणी फिरताना दिसते, ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असते. त्याला सगळे कूलंट म्हणतात.

बेअरिंगमध्ये वंगणाचा पातळ थर दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून अलग ठेवतो. धातू कापताना तसे घडत नाही. चिप हत्याराच्या तोंडावरून घासत जाते तेव्हा धारेजवळचा दाब कित्येकदा 1 गिगापास्कलच्याही वर जातो आणि चिपची खालची बाजू हत्याराला अक्षरशः चिकटते. या चिकटलेल्या पट्ट्यात चिप घसरत नाही. तिच्या आतला थरच कातरला जातो, त्यामुळे दाबाच्या प्रमाणात घर्षण वाढते हा शाळेतला नियम तिथे लागू पडत नाही. धारेपासून थोडे मागे, जिथे चिप हत्यार सोडायच्या बेतात असते, तिथे मात्र खरे घसरणे सुरू होते. द्रवाला वाव मिळतो तो मुख्यतः या मागच्या भागात. तिथली पकड सैल झाली की चिकटलेला पट्टाही आखूड होतो.

घर्षण कमी झाल्याचा परिणाम फक्त घासण्यापुरता राहत नाही. अमेरिकन अभियंता यूजीन मर्चंट यांनी 1945 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार घर्षणकोन (घर्षण जितके जास्त तितका मोठा कोन) घटला की कातरकोन, म्हणजे धातू ज्या प्रतलावर कातरला जातो त्याचा कापाच्या दिशेशी होणारा कोन, वाढतो, कातरण्याचे प्रतल आखूड होते आणि चिप पातळ निघते. समजा, हत्याराचा रेक कोन (तोंडाचा तिरपेपणा) 10 अंश आहे आणि घर्षणगुणांक 1 आहे. कातरकोन येतो सुमारे 27.5 अंश, आणि 0.2 मिमी जाडीचा काप सुमारे 0.41 मिमी जाड चिप देतो. गुणांक 0.5 वर आणला तर कातरकोन 37 अंशांच्या आसपास जातो आणि चिप 0.3 मिमीच निघते. मर्चंटचे सूत्र प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळत नाही, पण दिशा बरोबर सांगते. म्हणूनच फीड (हत्यार पुढे सरकण्याचा दर), स्पीड आणि हत्यार तेच ठेवून कूलंट बदलल्यावर मायक्रोमीटरने चिपची जाडी मोजली, तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा भरवशाचे उत्तर मिळते. ही तपासणी फुकटात होते, तरी ती क्वचितच केली जाते.

द्रव आत पोचतो की नाही, हे ठरते वेगावर. टॅपिंग (भोकात आटे पाडणे), रीमिंग (भोक नेमक्या मापाचे करणे), ब्रोचिंग (दातेरी हत्यार ओढून आकार कापणे) ही सावकाश चालणारी कामे. इथे द्रवाला बारीक फटींतून शिरायला वेळ मिळतो आणि वंगणाचा गुण खरा कामाला येतो. म्हणून निव्वळ तेल वापरतात, तेही बहुधा गंधक, फॉस्फरस किंवा क्लोरीनची संयुगे घातलेले. चिपची नुकतीच उघडी पडलेली खालची बाजू रासायनिकदृष्ट्या फार क्रियाशील असते. गंधक तिच्याशी संयोग पावून लोहसल्फाइडचा सहज कातरला जाणारा थर तयार करते, आणि धातूला धातू चिकटायचा टळतो. धारेवर धातूचे थर साचून बनणारी कृत्रिम धारही त्यामुळे कमी होते, फिनिश सुधारते. मात्र क्रियाशील गंधकाचे तेल पितळ-तांब्यावर वापरले तर जॉब काळा पडतो. क्लोरीनयुक्त पॅराफिनांपैकी आखूड साखळीचे प्रकार 2017 मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत गेले.

वेग वाढला की चित्र पालटते. कार्बाइड इन्सर्टने (हत्यारावर बसवलेल्या अतिकठीण कापणाऱ्या तुकड्याने) जोरात टर्निंग, म्हणजे फिरता जॉब कापणे, चालू असताना द्रव संपर्काच्या जागी जवळजवळ पोचतच नाही. तिथे त्याचे काम उरते उष्णता ओढून नेण्याचे आणि चिप वाहून नेण्याचे. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांना 1880 च्या दशकातच आढळले होते की, हत्यारावर पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग 30 ते 40 टक्के वाढवता येतो. पाणी हे काही वंगण नव्हे. थंडाव्यामुळे हत्याराची कठीणता टिकते, हायस्पीड स्टीलच्या बाबतीत ती सुमारे 600 अंश सेल्सिअसपुढे झपाट्याने घसरते. कापण्याचे बल मात्र थंडाव्याने कमी होईलच असे नाही, कारण थंड धातू कातरायला उलट थोडा जड जातो. मिलिंगमध्ये, म्हणजे फिरत्या दातेरी कटरने कापताना, तर कटरचा प्रत्येक दात क्षणात तापतो, क्षणात गार होतो, आणि कूलंटमुळे कार्बाइडला तडे जाऊ शकतात. अशा ठिकाणी कोरडे कापून हवेच्या झोताने चिप उडवणे बरे. ओतीव लोखंडही सहसा कोरडेच कापतात. त्यातले ग्रॅफाइट वंगणाचे काम करते, आणि पाणी सोडल्यास बारीक भुकटीचा चिखल होऊन मशीनच्या सरकत्या भागांत (स्लाइडमध्ये) बसतो.

दुधाळ कूलंटमध्ये टर्निंग-मिलिंगसाठी साधारण 5 ते 10 टक्के सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारे तेल) असते, ग्राइंडिंगला त्याहून कमी. बाकी सगळे पाणी. मराठवाड्यात खरा प्रश्न इथे सुरू होतो. वसाहतींना जायकवाडीचे पाणी मिळते, पण टंचाईत टँकर आणि बोअर यांच्यावर भिस्त राहते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, यावरून प्रदेशाची कल्पना यावी. बेसॉल्टमधून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिश्रणातील साबणासारख्या घटकांशी संयोग पावतात, टाकीवर चिकट साय येते, तेल सुटते, आणि जॉबवर पोचतो तो नुसता पाण्याचा फवारा. वंगण गेले, गंजही धरला. चाळीस अंशांच्या मे महिन्यात टाकीतून उडून जाते ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात. रोज त्याच बोअरच्या पाण्याने टाकी भरत राहिले तर जडपणा आठवड्यागणिक चढत जातो. म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याने, आणि नुसते पाणी न ओतता पातळ मिश्रण करून. मिश्रण करताना नेहमी पाण्यात तेल ओतायचे. तेलात पाणी ओतले की ते फाटते.

मिश्रणाची तीव्रता, म्हणजे तेलाचे प्रमाण, रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाने) पाहतात, पण त्याचे ब्रिक्स या मापातले वाचन म्हणजे टक्केवारी नव्हे. त्या तेलाच्या गुणकाने ते गुणावे लागते. सामू (पीएच) 8.5 ते 9.5 च्या दरम्यान ठेवतात. मशीनचे स्लाइडवे ऑइल (सरकत्या भागांचे वंगण) टाकीत गळून वर तरंगले आणि सुट्टीच्या दिवशी पंप बंद राहिला, की खाली ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू माजतात. दुसऱ्या दिवशी दार उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. ऑपरेटरच्या हाताला खाज, चट्टे येतात. त्यावर सुगंधी द्रव्य टाकण्याचा उपाय निरर्थक आहे. तरंगते तेल काढावे, नाहीतर टाकी रिकामी करून धुवावी.

वापरलेले मिश्रण नाल्यात सोडता येत नाही. तेल वेगळे करून त्याची घातक कचरा म्हणून विल्हेवाट लावावी लागते, आणि लहान शॉपला हा खर्च जड जातो. त्यामुळे तासाला 10 ते 100 मिलिलीटर इतकेच तेल हवेच्या दाबाने धुक्यासारखे मारण्याची पद्धत पाणीटंचाईच्या प्रदेशात विचारात घेण्याजोगी ठरते. तिने उष्णता फारशी वाहून नेली जात नाही, सगळी मदार वंगणावर. वनस्पतितेलांचे ध्रुवीय रेणू धातूला घट्ट धरतात, म्हणून ती इथे उपयोगी पडतात. मराठवाड्यात पिकणारी करडई मात्र या कामाला तशीच वापरता येत नाही: तिचे तेल हवेत लवकर सुकून मशीनवर चिकट लेप धरते. एरंडेल टिकाऊ आहे, पण दाट असल्याने पातळ तेलात मिसळून वापरावे लागते.