तिळामागचं एक अक्षर

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या उघड्या पाठींवर तीळ असतात, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. बाळाच्या अंगावर मोठा काळा डाग दिसला की मात्र घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, "गिराणात आवशीन विळी धरल्यान, म्हणान." म्हणजे ग्रहणात आईनं विळी हातात धरली, म्हणून. दोष थेट आईच्या पदरात. खरं कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उलगडलं आहे.

तिळाकडे नीट पाहणारे मात्र फार जुने आहेत. काळा, तिळाएवढा, न दुखणारा, त्वचेशी सपाट: सुश्रुतसंहितेत 'तिलकालक' असा नोंदला आहे आणि जन्मजात डागाला 'जतुमणि' हे वेगळं नाव आहे. तीळ आणि जन्मखूण या दोन गोष्टी आहेत हे इतक्या आधी ओळखलं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की तीळ म्हणजे रंगपेशींचा पुंजका. पण तो जमतो का?

२००२ मध्ये ब्रिटनच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांना मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या बहुतेक नमुन्यांत 'बी-रॅफ' जनुक बिघडलेलं आढळलं. जनुक हा डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर; बिघाड त्यातल्या एकाच अक्षराचा, 'टी'च्या जागी 'ए'. त्यामुळे या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाच्या साखळीत ६००व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामेट हे दुसरं येतं आणि 'विभाजन कर' हा निरोप पेशीला अखंड मिळत राहतो.

खरा धक्का २००३ मध्ये बसला. तपासलेल्या साध्या, निरुपद्रवी तिळांपैकी सुमारे ८२ टक्के तिळांतही हाच बदल निघाला. बिघाड तोच, मग एक जीवघेणा आणि दुसरा आयुष्यभर गप्प कसा?

२००५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उत्तर मांडलं. बदल झालेली पेशी काही काळ वाढते, मग पेशीतलीच रोखणारी यंत्रणा जागी होते. त्यात 'पी-१६' हे प्रथिन दिसलं, पण ते एकटं पुरेसं नव्हतं. २०२१ च्या एका अभ्यासात दोन सूक्ष्म आरएनए (जनुकांचं काम दाबणारे छोटे रेणू) हा ब्रेक लावतात आणि तो सुटूही शकतो, असं दिसलं. म्हणजे तीळ हा थांबलेला अर्बुद, वाढायची थांबलेली पेशींची गाठ आहे. बहुतेक तीळ जन्मभर थांबलेलेच राहतात.

उन्हाचा संबंध आहेच. लहानपणी ऊन जास्त लागलं तर तीळ वाढतात. तरी बी-रॅफमधला हा बदल, उन्हातले अतिनील किरण डीएनएत सहसा ज्या प्रकारचे बदल घडवतात, त्यांत बसत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत मेलॅनोमा कमी होतो, पण झाला तर बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली. अनवाणी वावरणाऱ्या माणसाला तो काटा मोडल्याचा डाग वाटतो, आणि वेळ जातो. तळव्यावरचा काळा डाग वाढत असेल तर डॉक्टरला दाखवाच.

आता पुन्हा त्या बाळाकडे. मोठ्या जन्मखुणांत बहुधा बी-रॅफ नव्हे, 'एन-रास' हे जनुक बदललेलं असतं. २०१३ मध्ये अनेक डाग असलेल्या मुलांच्या वेगवेगळ्या डागांत तोच एक बदल सापडला, आणि त्यांच्या रक्तात तो नव्हता. म्हणजे तो आईबापांकडून आलेला नसतो. गर्भ अगदी लहान असताना त्याच्याच एका पेशीत तो घडतो आणि त्या पेशीची संतती त्वचेत पसरते. तेव्हा पुष्कळदा आईला दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं.