सीबीडी आणि विजया अर्क: पहिल्यांदाच घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातूरच्या गंजगोलाई भागातील आमच्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात अलीकडे बरेच ग्राहक मोबाइलवरील जाहिरात पुढे करून ‘हे सीबीडीचे तेल तुमच्याकडे आहे का’ अशी विचारणा करतात. कोणाला ते आईच्या गुडघेदुखीसाठी हवे असते, कोणाला स्वतःच्या झोपेसाठी, तर कोणी ‘हे म्हणजे गांजाच ना?’ असे हळू आवाजात विचारून घेतो. गर्दीच्या वेळी काउंटरवर उभ्या उभ्या या प्रश्नांची नीट उत्तरे देणे जमत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. सीबीडी असलेली पोटात घेण्याची औषधे आम्ही वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि ओळखीच्या ग्राहकांनाही हाच नियम आहे.

सीबीडी म्हणजे काय

भांगेच्या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट रसायने आढळतात. त्यांपैकी दोन सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहेत: टीएचसी आणि सीबीडी, म्हणजेच कॅनाबिडिऑल. गांजा-चरसाची नशा येते ती टीएचसीमुळे. सीबीडीने तशी नशा येत नाही. अमेरिकेतील रॉजर ॲडम्स या रसायनशास्त्रज्ञाने १९४० मध्ये सीबीडी झाडापासून वेगळे केले, त्याची नेमकी रचना इस्राएलमधील राफाएल मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये उलगडली आणि पुढच्याच वर्षी मेशूलम यांच्या प्रयोगशाळेने टीएचसीही वेगळे करून दाखवले. टीएचसी मेंदूतील सीबी-१ नावाच्या ग्राहींना (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरील रसायन पकडणाऱ्या जागा) थेट चिकटते आणि त्यातून नशा चढते. सीबीडी त्या ग्राहींना फारसे चिकटत नाही. ते इतर अनेक मार्गांनी काम करते. शुद्ध सीबीडीला आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सांगितले. मात्र ‘शुद्ध’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण बाजारातील बाटलीत केवळ सीबीडीच असेल असे नाही.

उपयोग कशासाठी सिद्ध झाला आहे

सीबीडीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो लहान मुलांमध्ये दिसणाऱ्या आकडीच्या काही दुर्मीळ आणि हट्टी प्रकारांसाठी. ड्रॅव्हेट सिंड्रोम आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम या दोन आजारांत इतर औषधांच्या जोडीने देण्यासाठी शुद्ध सीबीडीच्या द्रव औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जून २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२० मध्ये त्यात ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराची भर पडली. त्या औषधाची मात्रा पाहिली की जाहिरातीतील थेंबांचा अंदाज येतो. तेथे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे, म्हणजे २० किलोच्या मुलाला रोज २०० मिलिग्रॅम. एक हजार मिलिग्रॅम सीबीडीची बाटली या हिशेबाने पाच दिवसांत संपेल. तेव्हा घरातील मुलाला आकडी येत असेल तर दुकानातील तेलावर प्रयोग करू नये आणि चालू असलेली आकडीची गोळी तर एक दिवसही स्वतःच्या मनाने थांबवू नये. हे काम मेंदूविकारतज्ज्ञांचेच आहे.

घबराट आणि चिंतेसाठी लहान प्रमाणावर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांतील काहींमध्ये फरक दिसला आहे. पण तेथेही एका वेळी ३०० ते ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिले गेले होते. झोप, संधिवात, कंबरदुखी यांबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत. काही ग्राहक बरे वाटते असे आवर्जून सांगतात, काही अर्धी बाटली परत आणून देतात. दोघांवरही आमचा विश्वास आहे, परंतु त्यावरून औषधाची परिणामकारकता ठरत नाही. कर्करोग किंवा मधुमेह सीबीडीने बरा होतो, याला माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही. अशा आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे, हे ती जाहिरात पुढे पाठवणाऱ्या नातेवाइकांनाही सांगावे.

बाटली कशी वाचावी

फसगत होते ती येथेच. समजा, ३० मिलीच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ असे छापले आहे. ड्रॉपरमधून एका मिलीत साधारण २० थेंब पडतात, म्हणजे बाटलीत सुमारे ६०० थेंब झाले आणि एका थेंबात सुमारे १.७ मिलिग्रॅम. पण कशाचे १.७ मिलिग्रॅम? अनेक भारतीय बाटल्यांवरील तो मोठा आकडा विजयेच्या, म्हणजे भांगेच्या पानांच्या, अर्काचा असतो, सीबीडीचा नव्हे. अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे बाजूच्या बारीक अक्षरांत किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात पाहावे लागते. विजया अर्कात टीएचसीही असू शकते आणि ते पुरेसे असेल तर चक्कर, धडधड, तोंडाला कोरड आणि नशाही होऊ शकते. दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेले नसतील ती बाटली आम्ही दुकानात ठेवत नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेबलवरील प्रमाण बरोबर निघाले ते केवळ ३१ टक्के उत्पादनांत, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले.

भांगेच्या बियांचे तेल ही निराळी वस्तू आहे. बियांना, त्यांच्या तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून विकण्याची परवानगी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये दिली. हे तेल जवसासारखे पौष्टिक आहे, पण त्यात सीबीडी जवळपास नसतेच. ‘हेम्प ऑइल’ असे लिहिलेली स्वस्त बाटली सीबीडी समजून घेऊ नये.

कायद्याचे थोडक्यात

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे आणि फळधारी शेंडे अशी आहे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच आयुष परवान्याखालील औषधे पानांपासून करतात. आयुर्वेदिक औषधांतील विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची ई-१ मध्ये, भांगेचा समावेश असल्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना असणे बंधनकारक आहे. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि ही सूचना यांपैकी एकही नसेल तर ती बाटली घेऊ नये. शिवरात्रीच्या भांगेशी तुलना करून घरीच पाने आणून तेल काढण्याचा विचार कोणी करू नये. भांगेलाही राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. नोकरीसाठी किंवा यात्रेसाठी दुबई, सौदीला जाणाऱ्यांनी हे औषध सोबत मुळीच नेऊ नये. तेथील कायदे फार कडक आहेत आणि आपली चिठ्ठी तेथे कामी येईल या भरवशावर राहू नये.

घेताना

वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेपेक्षा एकही थेंब वाढवू नये. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ७० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १० वर आणली. तेल जिभेखाली मिनिटभर धरून मग गिळतात. स्निग्ध जेवणासोबत सीबीडीचे शोषण चार ते पाच पटींनी वाढते, त्यामुळे आज उपाशीपोटी आणि उद्या तुपाच्या पुरणपोळीवर असे केल्यास तेवढ्याच थेंबांचा परिणाम अगदी वेगळा होईल. रोज एकाच वेळी, एकसारख्या जेवणानंतर घेणे बरे.

गुंगी, जुलाब, भूक मंदावणे आणि थकवा हे नेहमी आढळणारे त्रास आहेत. मात्रा मोठी असेल तर यकृताच्या तपासणीतील आकडे वाढू शकतात. औषध घेतल्यावर मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवू नये. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असते आणि मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जावे लागते, अशा ग्राहकांनी ही गोष्ट वैद्यांना आधीच सांगावी.

इतर औषधांशी होणारी गाठ ही याहून गंभीर बाब आहे. बहुतेक गोळ्या यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइम) शरीराबाहेर टाकल्या जातात, त्यांतील काही विकरांना सीबीडी अडवते आणि त्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, आकडीवरील क्लोबाझाम, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस ही याची ठळक उदाहरणे. आकडीवरीलच व्हॅल्प्रोएट या औषधासोबत यकृताला इजा होण्याची शक्यता वाढते. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्यासोबत गुंगी वाढते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, यकृताचे रुग्ण आणि ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कोणाला गंभीर मानसिक आजार झाला आहे अशा व्यक्ती यांना आम्ही चिठ्ठी असली तरी आधी वैद्यांशी फोनवर बोलल्याशिवाय बाटली देत नाही.

बाटली थंड, अंधाऱ्या जागी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. मे महिन्यातील पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिकीत ती ठेवू नये. औसा, निलंगा, उदगीरकडून मुद्दाम येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी चालू गोळ्यांच्या सर्व पाकिटांचा मोबाइलवर फोटो काढून आणावा, म्हणजे केवळ त्यासाठी दुसरी फेरी पडणार नाही.