ज्येष्ठ शिकाऱ्यांसाठी राज्याराज्यांतील परस्पर सवलत: टेक्सास आणि शेजारची राज्ये

अमेरिकेत शिकारीचा परवाना प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानुसार देते, त्यामुळे एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात आपोआप चालत नाही. परराज्यातील शिकाऱ्याकडून जादा शुल्क घेण्याचा राज्यांचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोंटानाच्या खटल्यात मान्य केला. १९७६ च्या हंगामात मोंटानाचा रहिवासी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी ९ डॉलर भरत होता, तर बाहेरच्याला त्यासाठी इतर प्राण्यांसह असलेला संयुक्त परवाना २२५ डॉलरला घ्यावा लागत होता.

टेक्सासमध्ये ही तफावत आजही ठळक आहे. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या रहिवाशाला शिकार परवाना ७ डॉलरमध्ये मिळतो. परराज्यातील व्यक्तीच्या सर्वसाधारण परवान्याचे शुल्क मात्र ३१५ डॉलर आहे. ज्येष्ठांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. ओक्लाहोमाचे ६५ वर्षांवरील रहिवासी टेक्सासमध्ये परवान्याविना मासे धरू शकतात, आणि लुइझियानाच्या त्याच वयाच्या रहिवाशांना आपल्या राज्याचा हौशी मासेमारीचा कोणताही परवाना जवळ असला की पुरते. परंतु ही सूट गळापुरती आहे, बंदुकीसाठी नाही. तिच्या भरवशावर हरणाच्या मागे गेल्यास तो विनापरवाना शिकारीचा गुन्हा ठरू शकतो.

ज्येष्ठ रहिवासी म्हणून अर्ज करायचा असेल, तर अर्जाच्या आधी सलग सहा महिन्यांहून अधिक काळ टेक्सासमध्ये वास्तव्य असावे लागते. वयाचा आणि ओळखीचा पुरावा, तसेच टेक्सासचा पत्ता दाखवणारी कागदपत्रे तयार ठेवावीत. घराच्या मालमत्ता कराची पावती, वीज-पाण्याची अलीकडची सहा बिले आणि शेवटचे आयकर विवरणपत्र त्यासाठी उपयोगी पडतात. सोशल सिक्युरिटी क्रमांकही विचारला जातो, कारण केंद्रीय कायद्याने तो अशा परवान्यांच्या अर्जात नोंदवणे राज्यांना बंधनकारक केले आहे. नव्या हंगामाचे परवाने १५ ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतात आणि परवान्याचे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे चालते.

राज्याराज्यांत खऱ्या अर्थाने परस्पर मान्यता आहे ती शिकार-सुरक्षा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला. येथे जन्मतारखेची अट नीट पाहावी. टेक्सासमध्ये हे प्रशिक्षण २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच लागू आहे, तर कोलोरॅडोत ही तारीख १ जानेवारी १९४९ आहे. त्यामुळे टेक्सासमध्ये आयुष्यभर प्रमाणपत्राविना शिकार केलेल्या सत्तरीच्या गृहस्थालाही कोलोरॅडोत ते दाखवावे लागते. दुसऱ्या राज्यात मिळवलेले प्रमाणपत्र तेथे चालते, म्हणून प्रवासाचा बेत ठरताच ते आपल्याच राज्यात पूर्ण करून घेणे श्रेयस्कर.

बदके आणि हंसांच्या शिकारीसाठी राज्याच्या परवान्याखेरीज केंद्राचे २५ डॉलरचे डक स्टॅम्प हे तिकीट लागते. वयाची १६ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला ते आवश्यक असून त्यात ज्येष्ठांना सूट नाही.

मुलांकडे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या मराठी आईवडिलांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. अशा पाहुण्यांना बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे, आणि राज्याने रीतसर दिलेला वैध शिकार परवाना हा त्यातील मान्य अपवादांपैकी एक आहे. म्हणून मुलाच्या परवान्यावर विसंबून त्याची बंदूक हाती घेऊ नये, स्वतःच्या नावाचा परवाना आधी काढावा.