मालवाहू ट्रकमधील एबीएस

एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊन घसरू नयेत यासाठीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. अमेरिकेत एअर ब्रेकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या) नव्या ट्रॅक्टरना, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकना, 1997 मध्ये, तर भारतात नव्या मध्यम व जड ट्रकना 2015 मध्ये ती सक्तीची झाली.

चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) दातेरी कडे असते, बहुधा 100 दात्यांचे. त्यासमोरचा सेन्सर चाकाचा वेग कंट्रोल युनिटला कळवतो. एखादे चाक एकदम मंदावले, की मॉड्युलेटर व्हॉल्व्ह त्याच्या ब्रेक चेंबरमधली हवा क्षणभर सोडतो आणि पुन्हा भरतो. हे सेकंदात अनेकदा घडते. त्यामुळे स्टिअरिंग हातात राहते आणि ट्रेलर दुमडण्याचा धोका कमी होतो. खरा उपयोग पावसात रिकामा ट्रक नेताना कळतो, कारण मागे वजन नसल्याने तिथली चाके आधी जाम होतात. घासून टायरला चट्टे पडत नाहीत, तेवढे मालकाचे पैसे वाचतात. सुट्या खडीवर मात्र थांबायला जास्त अंतर लागू शकते. ब्रेक पेडल दाबून धरायचे असते. जुन्या सवयीने पंप केल्यास हवा वाया जाते.

खरेदीचा खर्च गाडीच्या किमतीतच येतो. टाळला जातो तो देखभालीचा. लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे अस्तर) बदलताना हब काढला, की सेन्सर मागे सरकतो. परत बसवताना तो दात्यांना टेकेपर्यंत हाताने दाबावा, हातोडी लावू नये; चाक फिरले की योग्य फट आपोआप पडते. मग चाक जॅकवर उचलून दोन सेकंदांत एक फेरा या गतीने फिरवावे. अनेक सेन्सरना मीटरवर किमान 0.2 व्होल्ट एसी दिसायला हवे. कमी दिसले तर फट वाढलेली असते, बेअरिंग ढिले असते किंवा कड्याचे दाते खराब झालेले असतात. डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा सतत पेटतो म्हणून बल्बच काढणे फार घातक: ब्रेक नेहमीसारखे लागतात, पण एबीएस बंद पडल्याचे चालकाला कळत नाही.

बोरघाटासारख्या लांब उतारावर ड्रम तापून लायनरची पकड गेली, तर एबीएसचा काही उपयोग नाही. तिथे खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेकच (इंजिनचा धूर अडवून गाडी मंदावणारा) हवा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की इंजिनचा अडसर जातो, कॉम्प्रेसर मंदावतो आणि वारंवार ब्रेक दाबून संपलेली हवा वेळेत भरत नाही.